ते पान घरी वाचा!

सेकंड इयरला आम्हाला एक मराठी नाटक होतं. मॅडम मस्त शिकवायच्या, पात्रांचे आवाज काढून वगैरे. दुसऱ्या अंकात एका जागी त्या आल्या, थबकल्या, चष्मा वर केला, पान उलटलं आणि म्हणाल्या, ‘‘हे पान घरी वाचा. परीक्षेला नाहीये.’’ चाळीस जणांच्या वर्गात पुस्तक विकत घेतलेले जेमतेम सहा-सात. त्या संध्याकाळी कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे रांग लागली. एकाच पानाची. नाटकाचा शेवट काय होता हे आमच्यातल्या निम्म्या जणांना आजही सांगता येणार नाही. ते पान मात्र सगळ्यांच्या लक्षात आहे.

तुमच्याही वर्गात असं एखादं पान असणार. कवितेतल्या चार ओळी, कथेतला एक प्रसंग, आत्मकथनातली एखादी शिवी. सर घाईघाईत पुढे जातात, मागच्या बाकावर खसखस पिकते आणि विषय संपतो. आता हे सगळं आठवायचं कारण म्हणजे नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्याकडचे अभ्यासक्रम पुन्हा लिहिले जाताहेत. मेजर-मायनर, क्रेडिट, सेमिस्टर या धांदलीत प्रत्येक अभ्यास मंडळाला एक जुनाच प्रश्न नव्यानं पडतो. लैंगिक हिंसा, शिवीगाळ, जातीय अत्याचार, वेश्यावस्ती असं ज्यात उघडंवाघडं आहे ते साहित्य मुलांना नेमायचं का? की ‘कशाला उगाच लफडं’ म्हणून दुसरं एखादं गुळगुळीत पुस्तक लावून मोकळं व्हायचं?

याचं उत्तर बहुतेक वेळा वर्गाबाहेरच ठरतं. मुंबईतलंच उदाहरण घ्या.

2010 साली मुंबई विद्यापीठाच्या एस.वाय.बी.ए.च्या इंग्रजीच्या विद्यार्थ्यांना रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’ ही कादंबरी होती. 1991ची कादंबरी, बुकरच्या अंतिम यादीत गेलेली. 1971च्या मुंबईतला एक पारशी बँक कारकून, गुस्ताद नोबल, त्याचं कुटुंब, त्याची चाळवजा बिल्डिंग. बिल्डिंगच्या कंपाउंडची भिंत लोक मुतारी म्हणून वापरतात, म्हणून गुस्ताद एका रस्त्यावरच्या चित्रकाराकडून तिच्यावर सगळ्या धर्मांचे देव काढून घेतो. किती मुंबईचं आहे हे! काही वर्षं ती कादंबरी बिनबोभाट शिकवली जात होती. मग आक्षेप आला, की तिच्यात शिवसेना, बाळासाहेब ठाकरे आणि मराठी माणूस यांच्याबद्दल अपमानकारक भाषा आहे, शिव्या आहेत. विद्यापीठासमोर प्रती जाळल्या गेल्या. कुलगुरूंनी आपले विशेष अधिकार वापरून पुस्तक अभ्यासक्रमातून काढून टाकलं. आक्षेपात पुढे होते आदित्य ठाकरे, तेव्हा 20 वर्षांचे आणि सेंट झेवियर्सचे विद्यार्थी. मिस्त्रीही त्याच कॉलेजचे माजी विद्यार्थी. त्याच वर्षीच्या दसरा मेळाव्यात युवा सेनेची घोषणा झाली.

राजकारण बाजूला ठेवू. मला यातली एकच गोष्ट खटकते. आक्षेप घेणारे 20 वर्षांचे आणि ज्यांच्यासाठी पुस्तक नेमलं होतं तेही 19-20 वर्षांचे. आणि नेमकं या दुसऱ्या गटाला कुणीच काही विचारलं नाही. एखाद्या मराठी मुलाला त्या पारशी पात्राची वाक्यं लागली असतीलही. लागू देत की! वर्गात उठून त्यानं म्हणायला हवं होतं, ‘‘सर, हे चुकीचं आहे.’’ मग सर म्हणाले असते, ‘‘हे कोण बोलतंय? लेखक की पात्र? 1971 सालच्या मुंबईत एका अल्पसंख्याक माणसाला असं का वाटत असेल?’’ त्यावरून तासभर कडाक्याचं भांडण झालं असतं. साहित्याचा तास याच्यासाठीच असतो ना? तो तास झालाच नाही.

दुसरं प्रकरण दिल्लीचं. ऑगस्ट 2021 मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या बी.ए. ऑनर्स इंग्रजीच्या अभ्यासक्रमातून महाश्वेतादेवींची ‘द्रौपदी’ ही कथा काढली गेली. विद्वत सभेतल्या 15 सदस्यांनी विरोध नोंदवला, पण निर्णय फिरला नाही. त्याच वेळी बामा आणि सुकिर्तराणी या दोन तमीळ दलित लेखिकाही गेल्या. ‘द्रौपदी’ची नायिका आहे दोपदी मेझेन, संथाळ आदिवासी. सैन्याच्या ताब्यात तिच्यावर सामूहिक बलात्कार होतो आणि शेवटी ती अंगावर कपडे घ्यायला नकार देऊन तशीच अधिकाऱ्यासमोर उभी राहते. वाचताना पोटात गोळा येतो. येणारच, कथा त्यासाठीच लिहिली आहे.

आता गंमत बघा. कथेचं नाव ‘द्रौपदी’. मूळच्या द्रौपदीची गोष्ट आपण किती वर्षांचे असताना ऐकली? मी पाच-सहा वर्षांची असेन. आजीनं सांगितली, टीव्हीवर पाहिली, शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यावर नाटुकलंही झालं. भरलेल्या सभेत एका बाईची साडी ओढतात आणि मोठमोठी माणसं मान खाली घालून बसतात. याला कुणी ‘फक्त प्रौढांसाठी’ म्हणत नाही, कारण कृष्ण येतो आणि साडी संपत नाही. महाश्वेतादेवींच्या गोष्टीत कृष्ण येत नाही. प्रसंगाइतकाच हा न येणारा कृष्णही आपल्याला अस्वस्थ करतो, असा माझा तरी संशय आहे.

(जाता जाता: दिल्लीत बामा आणि सुकिर्तराणी यांच्या जागी पंडिता रमाबाईंचा मजकूर आला. रमाबाईंनी उच्चवर्णीय घरांमधल्या बायकांच्या हालांवर 1887 मध्ये जे लिहिलं, ते तेव्हाच्या पुण्यात कुणी मुलींना ‘नेमलं’ असतं असं मला वाटत नाही. आज त्या ‘सेफ’ झाल्या आहेत. लेखक सेफ व्हायला साधारण शंभर वर्षं लागत असावीत.)

मर्ढेकरांना इतकी लागली नाहीत. 1947च्या ‘काही कविता’वर अश्लीलतेचा खटला भरला गेला, त्यातून ते निर्दोष सुटले आणि पुढे थेट पाठ्यपुस्तकात गेले. आपल्याकडे ज्यांच्या कविता आपण गाळलेल्या जागा भरायला पाठ करतो, त्यांच्यातलेच एक कवी आरोपी म्हणून कोर्टाची पायरी चढले होते, हे शाळेत कुणी सांगत नाही. सांगितलं असतं तर निदान माझं तरी मराठीच्या तासाला जास्त लक्ष लागलं असतं.

आणि एक खटला तर खास आपल्या वयाबद्दल काही सांगून गेलाय. 1962च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ छापून आली. एका कवीची आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या बायकांची गोष्ट. अश्लील म्हणून खटला झाला, मुंबई उच्च न्यायालयानं त्यांना दोषी ठरवलं. 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना सोडलं. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं, की सुटी वाक्यं उचलून चालत नाही, अख्खं पुस्तक पाहावं लागतं. आणि किशोरवयीन मुलांनी असे प्रसंग वाचले म्हणजे ती बिघडतीलच, असं कुणी खात्रीनं म्हणू शकत नाही. 1969 साली! तेव्हा तुमचे आजी-आजोबा कॉलेजात असतील.

इथे माझ्या बाजूची मंडळी नेहमी एक मुद्दा मांडतात. ‘‘अहो, मोबाइलवर सगळं दिसतंच की मुलांना! मग पुस्तकातल्या एका पानानं काय होणार?’’ मला हा मुद्दा पटत नाही. मोबाइलवर दिसतं म्हणून वर्गातही चालतं, हे म्हणजे टपरीवर वडापाव मिळतोच म्हणून घरी स्वयंपाक करू नका असं म्हणण्यासारखं आहे. रीलमधली हिंसा अंगठ्यानं वर सरकते आणि खालून मांजर येतं. पुस्तकातल्या प्रसंगात तुम्हाला आधी ती बाई माणूस म्हणून भेटलेली असते, तिचं नाव, तिची भूक, तिचा राग माहीत असतो. म्हणून तो प्रसंग जास्त लागतो. म्हणजे ज्यांना भीती वाटते त्यांचं एक म्हणणं बरोबर आहे, पुस्तक खरंच मोबाइलपेक्षा जास्त खोल जातं. ‘काही होत नाही हो त्यानं’ असं म्हणून साहित्याची बाजू मांडणं म्हणजे साहित्य बिनकामाचं आहे हे कबूल करणं.

मग वयाचं काय? वय महत्त्वाचं आहेच, त्यात वाद नको. सिनेमाला 2023च्या कायद्यातल्या दुरुस्तीनंतर यूए 7+, 13+, 16+ असे टप्पे आले आणि 18 नंतर ‘ए’. पुस्तकाला असा शिक्का नसतो, आणि नकोच. पण शाळा आणि कॉलेज यात फरक करायला हवा, आणि शाळेतही आठवी वेगळी, बारावी वेगळी. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात मॅकमिन काउंटीच्या शाळा मंडळानं जानेवारी 2022 मध्ये ‘माउस’ हे चित्ररूप पुस्तक आठवीच्या अभ्यासातून काढलं. ज्यूंच्या संहाराबद्दलचं, पुलित्झर मिळालेलं पुस्तक. मतदान 10 विरुद्ध 0. कारण काय तर आठेक शिव्या आणि एक नग्न आकृती. लाखो माणसं मारली जातात हे तेरा वर्षांच्या मुलांना चालेल, शिवी चालणार नाही! निर्णय मला विनोदी वाटतो, पण तेरा वर्षांच्या मुलांसाठी पालकांनी प्रश्न विचारणं मला विनोदी वाटत नाही. मुंबई आणि दिल्लीची प्रकरणं मात्र शाळेची नव्हती. ती मतदार यादीत नाव असलेल्या मुलामुलींची होती. सरकार निवडा, पण कादंबरी आम्ही निवडतो, असा तो मामला.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, चला, म्हणजे सगळं नेमा, सगळं शिकवा, विषय संपला. मलाही खूप दिवस तसंच वाटायचं. थर्ड इयरच्या एका तासानं ते बदललं.

दलित आत्मकथन होतं. सर आमचे उत्साही, पुरोगामी, वाचनाचा आवाज खणखणीत. लेखकाला लहानपणी गावात कसं हाक मारत, कशा जातीवाचक शिव्या देत, तो उतारा त्यांनी अगदी रंगात येऊन वाचला. गावच्या पाटलाच्या आवाजात. नाट्यमय. मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं, मग आणखी दोघं. माझ्या शेजारी बसलेली मैत्रीण वहीत समास आखत होती. एक झाला, दुसरा झाला, पट्टी सरकवत ती पानभर समासच आखत राहिली. वर्गात काहींना तिचं आडनाव माहीत होतं, त्यातल्या दोघातिघांनी वळून तिच्याकडे पाहिलंही. सरांनी मग मनापासून विचारलं, ‘‘तुझा काय अनुभव आहे यावर?’’ ती म्हणाली, ‘‘काही नाही सर.’’ पुढचे चार-पाच तास ती आलीच नाही. अटेंडन्स कमी पडला म्हणून ऑफिसात तिला माफीपत्र लिहून द्यावं लागलं.

त्या पुस्तकाविरुद्ध कुणी मोर्चा काढला नाही. कुणाच्या भावना दुखावल्या म्हणून प्रती जाळल्या नाहीत. आपल्याकडे भावना दुखावल्याचा आवाज ज्यांचा येतो आणि वर्गात ज्यांना खरंच लागतं ती माणसं बहुतेक वेळा वेगळीच असतात. साठ मुलींच्या वर्गात ‘द्रौपदी’ शिकवताना तिथे अशी एखादी मुलगी असू शकते, जिला त्या कथेत नवीन काहीच नाही. तिचं काय करायचं? पुस्तक काढून टाकणं हे तिच्यासाठी उत्तर नाही, कारण मग तिच्या बाबतीत जे घडलं ते साहित्यातही बोलायचं नसतं हे तिला कळतं. आणि पुस्तक धाडकन समोर टाकून ‘चला, वाच मोठ्यानं’ म्हणणं हेही नाही.

थोडी पूर्वतयारी लागते, बस. आधीच्या तासाला सांगायचं, की उद्या अमुक प्रसंग येणार आहे. कुणालाही उभं करून तो वाचायला लावायचं नाही. वर्गातल्या एखाद्या जातीच्या, एखाद्या धर्माच्या मुलाला ‘तुझा अनुभव’ विचारायचा नाही, तो काही संदर्भग्रंथ नाही. शब्द माहीत नसेल तर शिक्षकानंही तसं सांगायला हरकत नाही. 1972 मध्ये नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला, त्याची प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. मुंबईतच राहणारे, तोवर नाटककार म्हणून गाजलेले तेंडुलकर तिच्यात मोकळेपणानं कबूल करतात, की यातले कितीतरी शब्द आपल्याला ठाऊक नव्हते, ते कवीलाच विचारावे लागले. तेंडुलकर विचारतात तर आपल्या सरांना विचारायला काय होतं?

पण ही तयारी करायची कुणी? इथे मुद्दा येतो पैशांचा आणि नोकरीचा, ज्याच्यावर या वादात कुणीच बोलत नाही. पुस्तक नेमतं विद्यापीठाचं अभ्यास मंडळ. ते वर्गात शिकवायचं असतं तालुक्याच्या कॉलेजातल्या एखाद्या तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला. तासामागे ठरलेले पैसे, सुट्टीत पगार नाही, पुढच्या जूनमध्ये पुन्हा बोलावतील याची शाश्वती नाही. एखाद्या पालकानं प्राचार्यांच्या केबिनमध्ये येऊन ‘पोरींना हे काय शिकवता?’ एवढंच विचारलं तर त्याच्या बाजूनं उभं कोण राहणार? अभ्यास मंडळ शंभर किलोमीटरवर. त्यापेक्षा ‘हे पान घरी वाचा’ म्हणणं सोपं. आमच्या त्या मॅडमवर मी या लेखात सुरुवातीलाच हसले खरी, पण त्या पर्मनंट होत्या की नव्हत्या हे मला आजही माहीत नाही. तेव्हा विचारायचं सुचलंही नव्हतं.

आणि तो पालक? त्यालाही एकदम मागासलेला ठरवू नका. घरातून कॉलेजला जाणारी पहिली मुलगी. तिला एसटीनं रोज वीस किलोमीटर पाठवायला घरात आधीच चार जणांचा विरोध. त्या चार जणांच्या हातात पुस्तकातलं एक पान पडलं तर मुलीचं शिक्षण थांबू शकतं, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. त्याच्याशी बोलायचं असतं, शिक्षकानं, प्राचार्यांनी. पालक सभेत आपण नुसती हजेरी आणि फी यावरच बोलतो, अभ्यासक्रमात काय आहे आणि का आहे यावर बोललेलं मी तरी एकाही कॉलेजात पाहिलेलं नाही.

तुमच्या हातात काय आहे? फार नाही, पण थोडं आहे. तुमच्या विषयाचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या वेबसाइटवर पीडीएफमध्ये पडलेला असतो. उघडून बघा. मागच्या वर्षीच्या पीडीएफशेजारी ठेवा. कोण गेलं, कोण आलं, हे शोधायला दहा मिनिटं लागतात. गेलं असेल तर का गेलं, हे विभागप्रमुखांना विचारा. नीट, आवाज न चढवता. आणि पुस्तक असूनही पान सोडलं जात असेल तर तेही विचारा.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी त्या मैत्रिणीला फोन केला. ती आता एका तालुक्याच्या ठिकाणी मराठी शिकवते. तासिका तत्त्वावरच. यंदा तिच्याकडे नेमकं दलित आत्मकथन आलंय. मी विचारलं, ‘‘तो उतारा आला की काय करतेस?’’

‘‘पुस्तकं मिटायला सांगते. आधी गावगाडा सांगते, बलुतं म्हणजे काय ते सांगते, कायदा सांगते. मग म्हणते, उघडा. प्रत्येकानं आपापलं, मनात वाचायचं. मी वर्गात फेऱ्या मारत नाही, खिडकीपाशी उभी राहते.’’

‘‘आणि कोणी उघडलंच नाही तर?’’

‘‘गेल्या महिन्यात एका मुलीनं नाही उघडलं. मी काही बोलले नाही. परीक्षेत तिनं त्याऐवजी पर्यायी प्रश्न सोडवला. चांगला लिहिला होता.’’